साठीच्या अलीकडे

सुवर्णा पोतदारला सत्तेचाळिसाव्या वर्षी एकसष्ट पूर्ण झाली, आणि त्याबद्दल कारदळी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसलेल्या तीसेक माणसांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या अगदी मनापासून होत्या. त्या वर्षी कारदळीत म्हातारं ठरण्यासारखं भाग्य दुसरं नव्हतं. आरोग्यसेविका शबाना मुल्लाणी एकेकाचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवायची. साठच्या वर निघाला की हॉलभर आनंद, खाली निघाला की हळहळ. तात्या म्हेतर अडुसष्ट वर्षांचे, जन्मभर पहाटे उठून सूर्यनमस्कार घालत आलेले. त्यांचा आकडा सत्तावन्न आला, तेव्हा ते शबानावर असे उखडले की दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवावं लागलं. घरी जाताना ते म्हणत होते, उद्यापासून सूर्यनमस्कार बंद.

हा सगळा घोळ आरोग्यविम्याच्या वयाचा होता. सरकारी विमा पूर्वी सत्तरी ओलांडलेल्यांनाच मिळायचा. वय खाली आणा, निदान साठ करा, अशी मागणी वर्षानुवर्षं चालली होती. शेवटी सरकार साठावर आलं, तेव्हा कामगार संघटनांनी एक साधाच प्रश्न विचारला : साठ कुणाची? भट्टीवरचा माणूस पन्नाशीतच वाकतो आणि साहेब साठीत टेनिस खेळतो. दोघांना एकाच मापानं कसं मोजता? त्याच सुमारास शरीराचं वय मोजणारं यंत्र स्वस्त झालं होतं. मग कायदा झाला तो असा : जन्मतारखेनं सत्तर, किंवा शरीरवयानं साठ.

त्यामागचं शास्त्र फार अवघड नाही. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएची एकच लांबलचक पोथी असते. जन्मापासून मरेपर्यंत तिची अक्षरं बदलत नाहीत. बदलतात त्या अक्षरांवरच्या खुणा. मिथाइल नावाचे बारीक कण काही जागी येऊन चिकटतात, काही जागचे सुटतात. कुठे चिकटायचं, कुठे सुटायचं, याला वयाप्रमाणे एक क्रम असतो. जेवणाच्या डब्याएवढं ते यंत्र गालाच्या आतून पुसून घेतलेल्या पेशींमधल्या या खुणा वाचायचं आणि पाऊण तासात सांगायचं, हे शरीर किती वर्षं वापरलं गेलंय. धूर, धूळ, जागरण, उपासमार यांनी खुणा भराभर पडत. अहवालाच्या दुसऱ्या पानावर तर कशानं किती वर्षं वाढली तेही छापून यायचं.

सुवर्णाचं दुसरं पान शबानानं मोठ्यानं वाचलं नाही. धुराची नऊ, जागरणाची दोन, आणि शेवटच्या ओळीत ‘सामाजिक विलगता’ : तीन पूर्णांक एक.

“म्हंजे काय गं हे?” सुवर्णानं विचारलं.

“एकटं राहणं, अक्का,” शबाना हळूच म्हणाली. “त्यानंबी वय वाढतं म्हणत्यात. ऱ्हाऊ दे. तुमचं काम झालं न्हवं?”

काम झालं होतं खरं. नाव सुवर्णा असलं तरी तिची सगळी हयात चांदीत गेली. कारदळी हे पैंजणांचं गाव. व्यापारी कड्या आणि घुंगरं घरपोच टाकून जातो, आणि घराघरांत बायका गॅसच्या बारीक ज्योतीवर त्या झाळून जोडतात. झाळ लवकर वितळावी म्हणून तिच्यात कॅडमियम घालतात, आणि त्याचा धूर तीस वर्षं श्वासाबरोबर आत गेला की तो मूत्रपिंडात जाऊन बसतो. कोल्हापूरच्या डॉ. शिरगुप्पे बाईंनी तिला स्पष्टच सांगितलं होतं : त्वचेखाली बसवायची कृत्रिम गाळणी आता निघाली आहे, ती बसली तर तुम्ही पुष्कळ जगाल. पण मूत्रपिंड थोडं तरी शाबूत असेपर्यंतच ती बसते. तुमच्याकडे या वर्षअखेरपर्यंत वेळ आहे. आणि विम्याच्या कार्डाशिवाय ती आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नाही.

म्हणून सुवर्णा आनंदातच घरी आली. दार उघडलं, दिवा लावला, चहा टाकला. आणि चहा उकळेपर्यंत तिच्या लक्षात आलं की हे सांगायला आपल्याला कुणीच नाही. शेजारचं घर तीन वर्षं बंद होतं. व्यापाऱ्याचा माणूस सोमवारी येणार होता आणि तो वजनाशिवाय बोलत नसे. तिनं चहा गाळला आणि कपाला हात न लावता बराच वेळ तशीच बसून राहिली. तिला फार एकटं वाटलं. इतकी वर्षं वाटतच असणार, पण आकडा छापून आल्यावर ते नजरेआड करायची सोय राहिली नाही.

चार दिवसांनी शबाना दारात आली ती वैतागूनच.

“अक्का, यंत्र ऐकंना झालंय. म्हणतंय, ही बाई आधीच नोंदलेली हाय. अपर्णा वेदपाठक, पुणे. कोण ही?”

सुवर्णानं हातातली कानस खाली ठेवली. “माझी भैण.”

“जुळी?”

“हं.”

शबानानं कपाळावर हात मारून घेतला. हे फक्त कारदळीतच होण्यासारखं होतं. दुसरीकडे माणसाची ओळख बोटाच्या ठशांनी पटवतात. इथल्या बायकांची बोटं कानशीनं आणि तेजाबानं इतकी झिजलेली की ठसे उठतच नसत, म्हणून या गावात जन्मलेल्या सगळ्यांची नोंद डीएनएवर केलेली, पुण्याला गेलेल्या अपर्णाचीसुद्धा. आणि या दोघी एकाच गर्भाचे दोन भाग झालेल्या जुळ्या. अक्षर न् अक्षर सारखं. यंत्राच्या लेखी ती एकच बाई होती आणि ती दुसऱ्या नावानं विमा मागत होती. नियम असा की दोघींनी एकदम समोर येऊन तपासणी द्यायची.

“बोलवून घ्या त्यांना,” शबाना म्हणाली.

बोलवून घ्या म्हणणं सोपं होतं. अकरा वर्षं दोघींत एक शब्द नव्हता. वडील अंथरुणाला खिळून होते ती दोन वर्षं सुवर्णानं त्यांचं सगळं काढलं. लग्नाचं वय त्यात गेलं. अपर्णा दर वेळी ‘येते, येते’ म्हणायची, आणि आली ती वडील गेल्यावर तिसऱ्या दिवशी. त्यातून शेवटी शेवटी वडिलांचं भान सुटलेलं. ते सुवर्णालाच ‘अपे’ म्हणून हाक मारायचे आणि ती ओ द्यायची. हे सगळं तिच्या मनात साठलेलं होतं. बहीण दारात दिसली तशी ती म्हणाली, “आता कशाला आलीस?” अपर्णा आल्या पावली परत गेली होती.

फोन मात्र पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“सुवे?” पलीकडून आवाज आला. तिला या नावानं हाक मारणारं जगात आता एवढंच माणूस उरलं होतं.

अपर्णा दुसऱ्या दिवशीच्या बसनं आली. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता, मुलगी बंगळूरला होती, आणि ती स्वतः एका औषध कंपनीचा पत्रव्यवहार घरबसल्या सांभाळत होती. दोन दिवसांसाठी म्हणून आलेली. तपासणीत तिचं शरीरवय एकोणपन्नास निघालं. यंत्राची समजूत पटली : अक्षरं तीच, खुणा वेगळ्या, म्हणजे बायका दोन. सुवर्णाला कच्चं कार्ड मिळालं. आकडा वर-खाली होतो म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तेव्हाही साठच्या वर राहिला तर पक्कं.

त्या दोन दिवसांत दोघी एकमेकींशी ‘मीठ दे’, ‘दार लाव’ एवढंच बोलल्या. मग तिसऱ्या दिवशी सकाळी, निघण्याआधी काहीतरी मदत करावी म्हणून, अपर्णानं कामाची खोली लख्ख झाडली आणि कोपऱ्यातले केराचे दोन डबे घंटागाडीत रिकामे केले.

सुवर्णा आंघोळ करून आली आणि डबे रिकामे बघून तिनं त्यांच्या तळाशी हात फिरवला. चांदीकामाचा केर कारदळीत कुणी टाकत नाही. कानशीचा कीस, तुटक्या कड्या, सगळं त्यात असतं. वर्षभर तो साठवायचा, मग जाळून, गाळून त्यातली चांदी काढायची, ही बापजाद्यांपासूनची रीत. अपर्णा याच घरात वाढलेली. पण पुण्यात पंचवीस वर्षं ती केर म्हणजे केर समजत आली होती.

“आठ महिन्यांचा होता, अपे,” सुवर्णा एवढंच म्हणाली.

मग दोघी धावल्या. गाडी वेशीजवळ सापडली. ड्रायव्हर भला माणूस, त्यानं गाडीच आडवी केली. दोघी कोपरापर्यंत हात घालून भाजीच्या देठांतून आणि चहाच्या चोथ्यातून काळा चुरा वेचत बसल्या. ड्रायव्हर बिडी पेटवून म्हणाला, “मावशी, लेक तुमच्या वळणावर गेलीया अगदी.”

सुवर्णा हसली. बऱ्याच वर्षांनी ती अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. अपर्णाही हसत सुटली. आणि मग हसता हसता तिनं बहिणीच्या तोंडाकडे नीट पाहिलं, त्या सुरकुत्यांकडे, पांढऱ्या भुवयांकडे. त्या संध्याकाळची परतीची बस तिनं सोडली.

ती राहिली. आधी आठवडा, मग महिना, मग कुणी मोजायचं सोडून दिलं. कंपनीचं काम इथूनही होत होतं. तिनं पहिल्यांदा झाळकाम बंद करवलं. “मी असेपर्यंत हा धूर नाही. तू नुसतं घुंगरं ओवायचं काम घे.” दोघी सकाळी ओढ्यापर्यंत फिरायला जाऊ लागल्या. पुण्याहून आलेली, ‘मी करते, मी जाते’ म्हणणारी अपर्णा महिन्याभरात कोल्हापूरकडच्या बायकांसारखी ‘मी करतो, मी जातो’ म्हणायला लागली, तशी सुवर्णा तिला चिडवायची. भाजीत तिखट किती यावरून रोज भांडण व्हायचं, आणि भांडायला कुणीतरी आहे याचं सुवर्णाला इतकं सुख वाटायचं की ती मुद्दाम जास्त तिखट टाकायची. वडिलांचा विषय दोघींनीही काढला नाही.

जूनमध्ये दुसरी तपासणी झाली. शबानानं आकडा वाचला आणि हॉलमध्ये हळहळ उठली.

अठ्ठावन्न पूर्णांक सात.

“यंत्र बिघडलंय तुमचं,” सुवर्णा म्हणाली. शबानानं पुन्हा तपासलं. तेच आलं. मूत्रपिंडाचं काय, असं सुवर्णानं विचारलं, तर शबानानं मान हलवली. यंत्र एखादा अवयव बघत नाही, सगळ्या देहाची सरासरी सांगतं. एखाद्या घराचा एकच वासा कुजला आणि बाकी घर रंगवून काढलं, तर बाहेरून घर नवंच दिसतं. कार्ड थांबलं. दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यायचा हक्क होता, एवढंच.

घरी आल्यावर अपर्णानं दोन्ही अहवालांची दुसरी पानं शेजारी शेजारी ठेवली. धूर जवळपास तेवढाच होता. तीस वर्षांचा धूर तीन महिन्यांत उतरत नाही. जागरण किंचित कमी. शेवटची ओळ मात्र तीन पूर्णांक एकवरून शून्य पूर्णांक सहावर आली होती.

“ही मी आहे,” अपर्णा त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली. “अडीच वर्षं. मी आले म्हणून तू अडीच वर्षांनी लहान झालीस.”

“बरं झालं की मग.”

“काय बरं झालं, सुवे? मी आले म्हणून तुझी गाळणी गेली.”

सुवर्णा म्हणाली, आपण पुन्हा झाळकाम सुरू करू, रोज दहा तास बसू, आकडा आपोआप चढेल. पण डॉ. शिरगुप्पे बाईंनी हात जोडले. आणखी सहा महिने धूर घेतलात तर गाळणी बसवायला काही उरणारच नाही. जागरणानं रक्तदाब चढेल, उपासानं तर विचारायलाच नको. वय वाढवायचे जेवढे मार्ग होते ते सगळे मूत्रपिंडावरून जात होते. एकच मार्ग असा होता की ज्यानं शरीर म्हातारं झालं असतं आणि मूत्रपिंडाला थेट धक्का लागला नसता. डॉक्टरबाईंनी त्याचं नाव घेतलं नाही. त्या नुसत्या अपर्णाकडे बघत राहिल्या.

तेव्हा दोघींनी बसून ठरवलं. अपर्णानं पुण्याला परत जायचं. तीन महिने फोन नाही, निरोप नाही, पत्र नाही. सप्टेंबरची तपासणी झाली, कार्ड पक्कं झालं, गाळणी बसली, की मग बघू. जाताना अपर्णानं चार दिवस पुरतील एवढ्या पोळ्या करून ठेवल्या. बस वळणापलीकडे गेली तरी सुवर्णा थांब्यावर उभी होती.

ते तीन महिने तिनं इमानदारीनं काढले. कुणाकडे गेली नाही, कुणाला बोलावलं नाही. पण सकाळी फिरायला निघाली की ओढ्यापाशी तिला वाटायचं, आत्ता अपीचा दुसरा चहा चालला असेल. शेजारच्या बंद घराच्या ओट्यावर मांजर व्याली, तेव्हा ते तिनं एका वहीत लिहून ठेवलं, पुढे सांगायला. तात्या म्हेतर आता भर दुपारी तंबाखू मळत बसतात, तेही लिहिलं. वही निम्मी भरली. ती घरात एकटी होती, पण तिला एकटं वाटत नव्हतं. आणि गालाच्या आतल्या पेशींना बहुधा तेवढाच फरक कळत होता.

सप्टेंबरचा आकडा एकोणसाठ पूर्णांक दोन आला. शेवटच्या ओळीत एकचा आकडाही धड भरला नव्हता.

त्या दुपारी सुवर्णानं ठरलेलं मोडून पुण्याला फोन लावला. आकडा सांगितला, आणि मग म्हणाली, “जाऊ दे गं ते कार्ड. तू ये. जे काय दिवस हायत ते दोघी मिळून काढू. मला न्हाई बाई म्हातारं व्हायचं.” ती हे अगदी हलक्या मनानं म्हणाली. तिचा निर्णय झालेला होता आणि तिला तो आवडलाही होता.

पलीकडे अपर्णानं आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. मग अपर्णा म्हणाली, “उद्या येते.”

ती आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सुवर्णानं पुरण शिजत घातलं होतं. अपर्णानं चप्पल काढली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली, हातात पिशवीसुद्धा नव्हती.

“आत ये की,” सुवर्णा म्हणाली.

“नाही. एक सांगायचं राहिलं होतं, ते सांगून जाते. बाबा मला फोन करायचे. शेवटची दोन वर्षं, रोज. तू माल पोचवायला गेलीस की.”

सुवर्णाच्या हातात पळी तशीच राहिली. “त्यांचं भान कुठं होतं फोन करायला?”

“तुझ्यासमोर नव्हतं. मला म्हणायचे, इथून ने. हिच्या हातचं पाणीसुद्धा नको वाटतं म्हणायचे. करते सगळं, पण उपकार केल्यासारखं करते.” अपर्णा भिंतीकडे बघत, पाठ केल्यासारखी सलग बोलत होती. “ते तुला माझ्या नावानं हाक मारायचे ना? ते विसरले नव्हते, सुवर्णा. त्यांना मी हवी होते.”

“खोटं बोलतीस तू.”

“मी नेलं नाही. नेऊ शकले असते, खोली रिकामी होती. पण तू होतीस ना करायला. लग्न झालेलं नाही, दुसरा उद्योग नाही. मला कशाला पाहिजे होतं ते लोढणं. त्यांचंही आणि तुझंही.” ती थांबली. तिनं एकदा ओठ ओले केले. “परत फोन करू नकोस मला.”

ती निघून गेली. पुरण करपल्याचा वास आला तेव्हा सुवर्णानं गॅस बंद केला.

पहिल्यांदा तिनं मनाशी म्हटलं, नाटक आहे सगळं. कार्डासाठी केलंय तिनं. नाही तर डोळ्याला डोळा का दिला नाही? दोन दिवस ती या विश्वासावर हिंडली-फिरली. तिसऱ्या दिवशी पलंगावरची गादी उन्हात टाकताना तिला आठवलं, वडिलांचा फोन कायम उशीखाली असायचा. ती माल देऊन परत आली की ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. तेव्हा तिला वाटायचं, झोपलेत.

मग एकेक गोष्ट तिला नव्यानं आठवू लागली. पाणी अर्धं पिऊन ते पेला बाजूला सारायचे. एकदा तिनं अंग पुसताना कंटाळून सुस्कारा टाकला होता, तो त्यांनी ऐकला होता. उपकार केल्यासारखं. खरंच होतं का तसं? काही दिवस असेल. दोन वर्षांत काही दिवस असेलच की. तिच्या उभ्या आयुष्यात अभिमानानं सांगावी अशी एकच गोष्ट होती, की बापाचं मी केलं. आता ती गोष्टही तिच्याजवळ राहिली नाही. विचारायला बाप नव्हता, आणि जिला विचारायचं तिचा शब्द खरा धरावा की खोटा, हेच तर कळत नव्हतं.

मांजर व्याल्याचं लिहिलेली ती वही तिनं पुन्हा उघडली नाही. सकाळचं फिरणं थांबलं. घुंगरं ओवताना ती एक गाणं गुणगुणायची, ते केव्हा बंद पडलं हे तिला कळलंसुद्धा नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला ती हॉलमध्ये तपासणीला आली, तेव्हा दारात उभ्या असलेल्या तात्यांनी तिला आधी ओळखलं नाही.

एकसष्ट पूर्णांक सहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या आणि आताच्या तपासणीत मिळून दोनदा साठी पार झाली होती, ते नियमात बसत होतं. कार्ड तिथल्या तिथे पक्कं झालं. शबानानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं दुसरं पान दोनदा वाचलं आणि घडी करून सुवर्णाच्या हातात दिलं.

वर्ष संपायला नऊ दिवस उरले असताना कोल्हापुरात गाळणी बसली. बरगडीखाली काडेपेटीएवढा उंचवटा, आणि आतली जाळी दर वर्षी बदलायची. डॉ. शिरगुप्पे बाई खूश होत्या. मूत्रपिंड वेळेत वाचलं, म्हणाल्या, आता वर्षातून एकदा कार्ड नवं करून घ्यायचं, साठच्या खाली घसरायचं नाही, की पंधरा-वीस वर्षं चिंता नाही. त्या हसून बोलल्या, पण बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला, आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

घरी सोडायच्या दिवशी शबाना कागदपत्रं घेऊन आली. अकरा वाजले होते. वॉर्डमध्ये भेटायला आलेल्यांची गर्दी होती. ज्याच्या त्याच्या खाटेभोवती डबे उघडले जात होते. सुवर्णा खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती. शबानानं तिच्या सह्या घेतल्या, औषधं समजावून सांगितली, पिशवी भरून दिली. मग पिशवीचा बंद उगाच बांधत-सोडत राहिली.

“अक्का, तुमास्नी एक सांगायचं हाय. तुमच्या बहिणीचा फोन…”

“थांब,” सुवर्णा म्हणाली.

“आवो, त्या दर आठवड्याला…”

“शबाना, थांब म्हटलं न्हवं.”

तिनं इतक्या जोरात मनगट धरलं की शबाना गप्पच झाली. दर आठवड्याला. एवढे दोन शब्द तिच्या कानावर पडून गेले होते आणि ते काही आता परत जाणार नव्हते. त्यापुढचं वाक्य ऐकायला तिचा जीव तुटत होता. ते वाक्य ऐकलं असतं तर वडीलही तिला परत मिळाले असते आणि बहीणही. आणि पुढच्या डिसेंबरला आकडा अठ्ठावन्न आला असता.

मनात आलं, ऐकावं आणि मरावं. सप्टेंबरात ती त्याला तयारच होती. पण मग उंबऱ्यात उभी राहिलेली अपर्णा तिला दिसली, भिंतीकडे बघणारी. ते बोलणं खोटं असेल, तर ते बोलायला तिला काय पडलं असेल? आणि ते फुकट घालवायचं?

“फोनवर ती काय म्हणाली ते मला सांगू नकोस,” सुवर्णा म्हणाली. “आज न्हाई, कधीच न्हाई. मी विचारलं तरी सांगू नकोस. दर वर्षी जाळी बदलायची हाय मला.”

शबानाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मान डोलावली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं दोघींकडे पाहिलं आणि वाटीतली खीर पुढे केली. सुवर्णानं हातानंच नको म्हटलं.

“आणि त्यांचा पुन्यांदा फोन आला तर?” शबानानं विचारलं. “त्यांना काय सांगू?”

सुवर्णानं खाटेवरून उतरून चपला पायात सरकवल्या आणि पिशवी उचलली.

“सांग, गाळणी बसली,” ती म्हणाली. “आणि सांग, सुवर्णा अजून तुझं नाव काढत न्हाई.”